बीडला महापौर नसतो!

‘‘तुमच्याकडे महापौर कोण आहे गं सध्या?’’

ऑफिसच्या कँटीनमध्ये पोह्यांची प्लेट संपवता संपवता कोथरूडच्या एका कलीगने प्रश्न टाकला आणि मला हसूच फुटलं. २०२५ चा नोव्हेंबर होता. पुण्यात महापालिका निवडणुकीचे वारे वाहायला लागले होते. कुठला वॉर्ड कुठे तुटला, कोण कुणाच्या तिकिटावर उभा राहतोय, याच गप्पा. त्यात मी मंगळवारची रजा टाकली होती. कारण लिहिलं होतं : मतदान, बीड.

‘‘बीडला महापौर नसतो, नगराध्यक्ष असतो,’’ मी म्हटलं.

‘‘तेच ना ते!’’

तेच नाही, बॉस. अजिबात तेच नाही.

महापौर हा शब्द सावरकरांनी मराठीला दिला असं मानतात. शब्दच असा की अंगावर लाल झगा चढल्यासारखं वाटतं! पण तो मिळवायचा तर गावाला आधी महानगरपालिका लागते आणि महानगरपालिकेला साधारण तीन लाखांची वस्ती. २०११ च्या जनगणनेत बीड शहराची लोकसंख्या होती १,४६,७०९. म्हणजे निम्म्यावरच गाडी अडली. मराठवाड्यातले आठ जिल्हे घेतले, तर छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणी आणि अगदी अलीकडे, २०२३ मध्ये जालना, एवढी शहरं महापौरवाली झाली. उरलो आम्ही, धाराशिव आणि हिंगोली. आमची नगरपरिषद, तीही ‘अ’ वर्ग! कागदावर नगरपरिषद, लोकांच्या तोंडी नगरपालिका, आणि माझ्या आजीच्या तोंडी अजूनही ‘बलदिया’. हैदराबादकडचा उर्दू शब्द. तो तिच्या सासऱ्यांकडून तिच्याकडे आला आणि तिच्यापाशीच थांबला.

तर, बीड. ‘बीडची आहे’ म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो हे मी पुण्यात आठ वर्षं बघतेय. आधी प्रश्न असायचा, ‘‘तिकडे पाणी असतं का गं?’’ ९ डिसेंबर २०२४ नंतर प्रश्न बदलला. केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा त्या दिवशी खून झाला आणि सगळ्या महाराष्ट्राने आमच्या जिल्ह्याकडे डोळे फाडून बघितलं. मारला गेलेला माणूस गावचा सरपंच होता, हे मला त्यात जास्त लागलं. आमदार नाही, खासदार नाही. लोकशाहीच्या अगदी तळाच्या पायरीवर बसलेला माणूस. गाव चालवणारी ही छोटी खुर्ची आमच्याकडे किती मोठी असते, हे बाहेरच्यांना चटकन कळत नाही. म्हणून या वेळी ठरवलं, नुसतं मत देऊन परत यायचं नाही. एक दिवस आधी जायचं, आणि ज्या गावात मी वाढले, ते जरा टुरिस्टासारखं बघायचं.

अजून एक कारण होतं, ते नंतर सांगते.

रबडी, घाट आणि बावडी

रविवारी सकाळी वाकडेवाडीहून एसटी पकडली. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे सीट मिळाली हेच नशीब! आता अहिल्यानगरहून बीडला रेल्वेही जाते. १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनालाच, पहिली गाडी धावली. १९९५ मध्ये मंजूर झालेला अहिल्यानगर-बीड-परळी मार्ग आहे हा. म्हणजे मी शाळेत जायच्या आधीपासून ‘रेल्वे येणार’ हे ऐकतेय. प्रत्येक निवडणुकीला रेल्वे यायची आणि निकालानंतर निघून जायची. आता खरंच आलीय. पण निवांत गाडी आहे, घाईच्या माणसाचं काम नाही.

कडा, आष्टी, जामखेड, पाटोदा असं करत एसटी मांजरसुंब्याला पोचते. इथे रबडी खायची. डाएट वगैरे फंडे पुण्यात ठेवून यायचे. मग पालीचा घाट उतरताना डाव्या-उजव्या हाताला बालाघाटाच्या उघड्या टेकड्या, खाली बिंदुसरेचा तलाव, आणि गाव यायच्या आधी खजाना बावडी.

बीडच्या कारभाराची गोष्ट सुरू करायची तर इथून करावी असं माझं मत. सोळाव्या शतकात अहमदनगरच्या निजामशाहीत, मुर्तझा निजामशाहाच्या काळात, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ही विहीर बांधली. बांधणारा कारागीर राजा भास्कर, असं सांगतात. वरून बघितलं तर नुसतं गोल दगडी तोंड. गंमत आहे ती आतल्या भुयारांत. जमिनीखालून पाणी विहिरीत येतं आणि एका वाटेने पुढे शेतांकडे जातं. पंप नाही, वीज नाही, टेंडर नाही! दुष्काळातही हिची पातळी ढळत नाही अशी ख्याती आहे. कुणी निवडून दिलं नव्हतं, कुणी मत मागितलं नव्हतं, पण गावाला पाणी कसं पोचवायचं याचा विचार कुणीतरी केला होता. नगरपालिका म्हणजे शेवटी काय? पाणी, रस्ता, गटार, दिवा. बाकी सगळं भाषण.

एक टीप : बावडीपाशी दुपारी जाऊ नका, सावली नावाला नाही. संध्याकाळी जा.

अव्वल तालुकदार ते नगराध्यक्ष

सोमवारचा अख्खा दिवस मी जुन्या गावात हिंडले. राजुरी वेस, बशीरगंज, कारंजा, बलभीम चौक, धोंडीपुरा, माळीवेस. नदीच्या पलीकडे पेठ बीड, तिथलं कंकालेश्वर. कुंडात उभं असलेलं हे देऊळ बघितलं नसेल तर बीड बघितलंच नाही म्हणा. चारही बाजूंनी पाणी, मध्ये काळा दगड, आणि काठावर मोबाइलवर रील करणारी पोरं.

आमच्या वेशी बघताना एक गोष्ट लक्षात येते. या गावाला शतकानुशतकं कोणीतरी ‘नेमलेला’ माणूस चालवत आला. निजामशाही, मग मुघल, मग हैदराबादचा निजाम. ज्या काळात पुण्यात महात्मा फुले नगरपालिकेचे सभासद होते, आणि पुढे गोपाळ कृष्ण गोखले तिथले अध्यक्ष झाले, त्या काळात बीड निजामाच्या राज्यात होतं. १८८२ मध्ये लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, तो ब्रिटिश मुलखासाठी. आमच्याकडे जिल्ह्याचा अव्वल तालुकदार, म्हणजे आजचा कलेक्टर, हाच सगळ्याचा प्रमुख. कारभार उर्दूत. पुणेकर नळाच्या पाण्यावरून म्युनिसिपालिटीत भांडू शकत होते. बीडकरांनी अर्ज करायचा आणि वाट बघायची.

म्हणूनच पुण्या-मुंबईच्या नगरपालिकेच्या इतिहासात जसे शंभर-दीडशे वर्षांचे वाद, पगड्या आणि फोटो सापडतात, तसे आमच्याकडे सापडत नाहीत. आमची लोकशाही तरुण आहे! १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. १९५१ मध्ये हैदराबाद राज्याचा नगरपालिकांचा कायदा झाला, १९५६ मध्ये दुसरा. त्याच वर्षी मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. तेव्हा नव्या राज्यात नगरपालिकांचे चार-चार कायदे नांदत होते. मुंबई इलाख्याचे दोन, विदर्भाचा मध्य प्रांताकडून आलेला, आणि मराठवाड्याचा हैदराबादी. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपालिका अधिनियमाने ही खिचडी एका पातेल्यात आणली. आजची आमची नगरपरिषद त्याच कायद्याखाली चालते.

आता हे कायदे वाचून तुम्हाला जांभई आली असेल, तर थांबा. खरी मजा पुढे आहे.

खुर्ची कुणी द्यायची?

नगराध्यक्ष लोकांनी थेट निवडायचा की नगरसेवकांनी? या एका प्रश्नावर आपल्या राज्याने जितक्या वेळा मन बदललंय, तितक्या वेळा मी मोबाइल बदललेला नाही. १९७४ मध्ये थेट निवडणूक. पुढे ती गेली. २००१ मध्ये पुन्हा थेट. २००६ मध्ये पुन्हा नगरसेवकांतून. २०१६ मध्ये पुन्हा थेट. २०२० मध्ये महाविकास आघाडीने ती काढली. २०२२ मध्ये सरकार बदललं, पुन्हा थेट! कारण प्रत्येक वेळी लोकशाहीचंच दिलं जातं. हिशेब मात्र साधा असतो : थेट निवडणुकीत आपला माणूस येईल, की नगरसेवक गोळा करून?

नगरसेवकांतून निवड असते तेव्हाचं वातावरण ज्यांनी बघितलं नाही, त्यांचं आयुष्य फुकट गेलं. निकाल लागला की दोन-चार दिवसांत नगरसेवक गायब! ‘सहलीला गेलेत’ एवढंच कळतं. मतदानाच्या दिवशी काळ्या काचांच्या गाड्यांतून थेट सभागृहात हजर. नगराध्यक्षपद अडीच वर्षांचं, पण इच्छुक चार असले की त्याचेही सव्वा-सव्वा वर्षाचे तुकडे. शब्द दिला जातो, पाळला जातोच असं नाही.

त्यात १९९३ पासून ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली. निवडणूक, मुदत, आरक्षण, सगळं घटनेत आलं. बायकांसाठी आधी एकतृतीयांश जागा, २०११ पासून निम्म्या. सुरुवातीला ‘नगरसेविकेचे पती’ हे एक वेगळंच पद आमच्याकडे निर्माण झालं होतं. सत्कारात हार त्यांच्याच गळ्यात! आता चित्र थोडं बदलतंय. थोडंच. या वेळी बीडचं नगराध्यक्षपद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव होतं. ज्या गावात कधीकाळी अव्वल तालुकदाराच्या कचेरीबाहेर जोडे काढून उभं राहावं लागत असे, त्या गावात पहिली खुर्ची कुणाची याच्या चिठ्ठीतून हे उत्तर निघालं. पुरुष मंडळींचे पडलेले चेहरे बघून मला सॉलिड मजा आली, हे कबूल करते.

दुसऱ्या नंबरची खुर्ची

आता मुद्द्यावर येते. बीड जिल्ह्यात दोन मोठी राजकीय घराणी फुटली, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. टीव्हीवर ती गोष्ट विधानसभेची म्हणून सांगतात. पण नीट आठवून बघा. दोन्ही घरं फुटली ती नगराध्यक्षाच्या खुर्चीवरून.

परळी, डिसेंबर २०११. गोपीनाथ मुंडे तेव्हा बीडचे खासदार, देशपातळीवरचे नेते. गावाकडचं राजकारण पुतणे धनंजय मुंडे बघायचे. २००९ मध्ये परळी विधानसभेचं तिकीट कन्या पंकजांना मिळालं होतं, ती सल होतीच. नगरपालिकेची निवडणूक झाली आणि नगराध्यक्ष निवडायच्या वेळी धनंजय यांच्या गटाने काकांच्या उमेदवाराविरुद्ध आपला माणूस निवडून आणला. एका तालुक्याच्या गावातली खुर्ची! पण तिथून काका-पुतणे जे वेगळे झाले, त्याचे धक्के पुढे एक तप राज्याच्या राजकारणाने सोसले.

बीड, नोव्हेंबर २०१६. इथे क्षीरसागर. केशरबाई क्षीरसागर, जिल्ह्याच्या ‘काकू’, राजुरीच्या सरपंचपदापासून सुरुवात करून आमदार झाल्या आणि १९८०, १९८४, १९९१ असं तीनदा बीडमधून लोकसभेवर गेल्या. एक मुलगा जयदत्त आमदार आणि मंत्री. दुसरा मुलगा डॉ. भारतभूषण यांच्याकडे नगरपालिका, ती इतकी वर्षं की आमच्या पिढीला ‘नगराध्यक्ष’ आणि ‘डॉक्टर’ हे एकच शब्द वाटायचे. २०१६ मध्ये थेट निवडणूक आली आणि त्यांच्यासमोर उभे राहिले सख्खे भाऊ रवींद्र. त्यांच्या मागे मुलगा संदीप आणि ‘काकू-नाना विकास आघाडी’. म्हणजे ज्यांच्याशी लढायचं, त्यांच्याच आईचं नाव आघाडीला! खुर्ची डॉक्टरांनी राखली. पण भिंत पडली ती पडलीच. २०१९ मध्ये संदीप यांनी विधानसभेला काका जयदत्त यांना हरवलं, तेही दोन हजारांहून कमी मतांनी. २०२४ मध्ये चुलतभाऊ योगेश यांना.

असं का होत असावं? माझी आपली एक थिअरी आहे. आमच्याकडच्या राजकीय घरात पहिल्या नंबरची खुर्ची आमदाराची किंवा खासदाराची. ती थोरल्याकडे. तो मुंबईत, दिल्लीत. नगरपालिका ही दुसऱ्या नंबरची खुर्ची, ती धाकट्या भावाकडे नाहीतर पुतण्याकडे. पण रोजचं गाव चालवतो तो हा दुसरा. बांधकाम परवाना, नळाचं कनेक्शन, बाजारातले गाळे, गल्लीतला दिवा, वारसाची नोंद, कोण कुठल्या गल्लीत नाराज आहे, सगळं त्याला ठाऊक. कार्यकर्ते त्याच्या ओट्यावर. मग एक दिवस घरातली पुढची पिढी मोठी होते आणि पहिल्या खुर्चीचा वारस वेगळाच ठरतो. पहिली खुर्ची तर रिकामी नसते. भांडण मग जी हाताशी आहे, तिच्यावर होतं.

आणि गंमत अशी की मोठ्या घरात तडा गेला की तो आवाज न करता छोट्या घरांत उतरतो.

पत्रा

आता ते दुसरं कारण.

आमचा वाडा धोंडीपुऱ्यात. वाडा म्हणजे फार काही डोळ्यांसमोर आणू नका. चार खोल्या इकडे, चार तिकडे, मध्ये चौक आणि चौकात आड. १९८९ च्या जुलैत बिंदुसरेला महापूर आला, गाव धुऊन नेलं, माणसं गेली. त्या वेळी खालच्या गल्लीतली तीन कुटुंबं आमच्या माळवदावर होती, हे आजी अजून सांगते. त्या माळवदावर पप्पा आणि बापूकाका एका पांघरुणात झोपायचे.

२०१६ मध्ये पप्पा एका बाजूचे झाले आणि बापूकाका दुसऱ्या. कोण कुठल्या बाजूला, ते इथे सांगत नाही. सांगून काय करायचंय? दोघांपैकी कुणी उमेदवार नव्हतं, कुणाला काही मिळायचं नव्हतं. फक्त आपापल्या माणसासाठी स्लिपा वाटायच्या होत्या. निकालाच्या दिवशी चौकाच्या एका बाजूला फटाके वाजले. दुसऱ्या बाजूचं दार लागलं, ते उघडलं तेव्हा चौकाच्या मधोमध पत्रा उभा होता. आड पत्र्याच्या त्या बाजूला गेला, तुळस या बाजूला राहिली.

आजी मात्र वाटली गेली. एक महिना पप्पांकडे, एक महिना काकाकडे. ‘‘माझं नगराध्यक्षासारखं हाय,’’ ती म्हणते. ‘‘मुदत संपली की खुर्ची उचलायची.’’

मोठी माणसं पुढे जुळवून घेतात हो. मुंडे भाऊ-बहीण २०२४ मध्ये एका बाजूने प्रचार करत होते. आमचा पत्रा तसाच. त्याला गंज चढलाय, एवढंच.

या नऊ वर्षांत किती काय झालं. २०२२ च्या सुरुवातीला नगरपरिषदेची मुदत संपली आणि ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात अडकल्याने निवडणूकच नाही. जवळपास चार वर्षं प्रशासक. म्हणजे पुन्हा नेमलेला माणूस! आजीला यात काहीच नवीन वाटलं नाही. ‘‘आमच्या लहानपनी असंच व्हतं,’’ म्हणाली. नगरसेवक नाहीत, त्यामुळे भांडायला ओळखीचा ओटा नाही. ३० ऑक्टोबर २०२३ ला मराठा आरक्षणाच्या आंदोलनात बीडमध्ये नेत्यांची घरं जळाली, तिकडे माजलगावात नगरपरिषदेची इमारतच पेटवली गेली. त्या रात्री पप्पांनी पत्र्यावर हात मारून विचारलं होतं, ‘‘सगळे घरात हायत का?’’ पलीकडून आवाज आला, ‘‘हायत.’’ एवढंच बोलणं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्याच म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे २ डिसेंबरचा मुहूर्त लागला.

आणि माझं? माझं लग्न होऊन दीड वर्ष झालं. सासर पुण्याचं. सगळे सांगतायत, मतदारयादीतलं नाव इकडे घे. ऑनलाइन फॉर्म नंबर ८, दहा मिनिटांचं काम. नवऱ्याने दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा केली तेव्हा मी म्हटलं, एकदा बीडला जाऊन येते, मग भरते.

घर क्रमांक एकच

मंगळवारी सकाळी साडेसातला मतदान सुरू झालं. डिसेंबर म्हणजे महिना काकाचा, त्यामुळे आजी पत्र्याच्या पलीकडे होती. वय शहाऐंशी. तिला न्यायचं कुणी? पप्पा म्हणाले, ‘‘तिकडचे नेतील.’’ काका आधीच स्लिपांच्या टेबलावर बसायला गेलेले. शेवटी मी पत्र्याला वळसा घालून, रस्त्याने, पुढच्या दाराने काकाच्या घरी गेले. लग्नाच्या आमंत्रणानंतर पहिल्यांदाच. काकूने दार उघडलं, काही न बोलता चहा टाकला, आणि मी तो घेईपर्यंत आजीला नवं लुगडं नेसवलं. निघताना माझ्या हातावर रव्याचा लाडू ठेवला. ‘‘वाळलीस गं,’’ म्हणाली.

शाळेपर्यंत रिक्षा. केंद्राच्या बाहेर शंभर मीटरवर दोन्हीकडची टेबलं, दोन्हीकडे याद्या. एकावर काका, त्याच्यासमोर पन्नास पावलांवर दुसऱ्यावर पप्पा. रिक्षा मधोमध थांबली. आजी उतरली, दोन्हीकडे बघितलं आणि म्हणाली, ‘‘माजा नंबर कुनी काडायचा?’’

दोघेही उठले. मग दोघेही थांबले. मी काकाच्या टेबलावरची यादी ओढली, कारण ती जवळ होती.

यादीचं ते पान मी आयुष्यात पहिल्यांदा नीट वाचलं. घर क्रमांकाच्या रकान्यात एकच आकडा, वरपासून खालपर्यंत. आजी. पप्पा. आई. बापूकाका. काकू. चुलतभाऊ. त्याची बायको. धाकटी चुलत बहीण. आणि सगळ्यांत खाली मी, माहेरच्या आडनावासकट, कॉलेजातल्या भयंकर फोटोसह. नऊ जणं, एकाखाली एक, मध्ये पत्रा नाही. आईने नंतर सांगितलं की घरपट्टीची पावतीसुद्धा अजून आजोबांच्या नावाने एकच येते. दोघं निम्मे-निम्मे पैसे काढतात, भरायला मात्र चुलतभाऊ जातो. वाटणीचा अर्ज नऊ वर्षांत दोघांपैकी एकानेही दिलेला नाही.

आत प्रत्येकाला तीन मतं. एक नगराध्यक्षाला, दोन प्रभागातल्या नगरसेवकांना. आजीला तीनदा बटण दाबायचं हे पटेना. ‘‘एकदा दाबलं की झालं की!’’ आतल्या बाईंनी समजावलं. बाहेर आल्यावर तिने शाई लावलेलं बोट दोन्ही टेबलांच्या दिशेने दाखवलं आणि कुणाला मत दिलं ते कुणालाच सांगितलं नाही. मलाही नाही.

दुपारी बाजारात चक्कर मारली, परतीच्या बसचं बघितलं. तोवर बातमी आली. मतमोजणी दुसऱ्या दिवशी व्हायची होती, ती हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने सगळ्याच ठिकाणची एकदम, २१ डिसेंबरला घ्यायला सांगितली. चौकात दोन्ही बाजूंचे मोबाइल एकदम वाजले. फटाक्यांचं खोकं काकाने गुपचूप कॉटखाली सरकवलं. मी तेव्हा तिथेच होते, आजीच्या गोळ्या द्यायला गेलेले.

आजी निकालाच्या दिवशी घरी थांबत नाही. २०१६ पासूनचा नेम आहे. विधानसभा असो, लोकसभा असो, सकाळीच कंकालेश्वराला जाते आणि संध्याकाळी सगळं निवल्यावर परत येते. या वेळीही पिशवी भरून ठेवली होती. शेंगदाण्याची चटणी, दोन भाकरी, पाण्याची बाटली.

‘‘एकवीस तारीख म्हंजी आजून किती दिस?’’ तिने विचारलं.

‘‘एकोणीस.’’

तिने पिशवीतल्या भाकरी काढून परत डब्यात ठेवल्या. मग मला म्हणाली, ‘‘तू यायलीस का तवा?’’

रात्रीच्या गाडीत जामखेडच्या पुढे रेंज आली. मोबाइलवर फॉर्म ८ उघडला, पत्ता भरला, पिनकोड भरला. ‘सबमिट’च्या आधी यादीच्या पानाचा फोटो गॅलरीत सापडतो का ते बघायला गेले, आणि नगर येईपर्यंत सेशन संपून गेलं होतं. एकवीस तारखेचं तिकीट मात्र त्याच गाडीत बसून काढलं. रविवार आहे, रजा टाकावी लागणार नाही.